उपरण्याखालची भूपाळी

मंडळी, ऐका! आज एकच विचारतो — जपणं म्हणजे काय? उराशी धरलं म्हणजे जपलं? झाकून ठेवलं म्हणजे जपलं? उत्तराची घाई नको. आधी तांबट आळीत चला, कावेरीकाकूंच्या घरी.

काकूंचे यजमान दामूअण्णा पहाटे बंब पेटवता पेटवता भूपाळी म्हणायचे. काय तो आवाज! — पाणी तापायच्या आत आळी जागी व्हायची. मग अण्णा गेले. बंब माळ्यावर गेला. शेजारचे हातोडे एकेक करून मुके झाले. उरला अण्णांचा जुना मोबाईल, आणि त्यात त्यांनीच भरून ठेवलेली ती भूपाळी.

काकू तो देवघरातच चार्जिंगला लावत. आणि थंडीत आपण देवाला शाल पांघरतो ना? — तसं त्यावर अण्णांचं उपरणं पांघरत! हसू नका. ज्यानं कुणाची वाट पाहिली आहे, त्यानं तरी हसू नये.

एकदा सून मृदुला बघते, तर मोबाईलची पाठ पुरीसारखी फुगलेली!

“आई, ह्याची बॅटरी बिघडलीय. चार्जिंगला लावू नका हं.”

“फुगले तर मीही आहे. मला टाकणार आहेस?”

“भूपाळी माझ्या फोनात घेऊ, मग हा दुकानात देऊन टाकू.”

“त्यांचा आवाज तुझ्या फोनात? सासवांच्या तक्रारींच्या शेजारी? नको गं बाई!”

काकूंनी पाठ दाबून बसवली, वर रबर चढवलं, वायर जोडली, उपरणं घातलं — आणि ओसरीवर वाल सोलायला बसल्या. अहो, ही लिथियमची बॅटरी! बिघडली की तिच्या पोटात विस्तव कोंडतो. आणि काकूंनी तिला काय दिलं? ऊब!

भर दुपारी देवघरातून फूत्कार! धूर! उपरणं पेटलं! काकू हात पुढे करून धावल्या — “अहो!” अशी हाक मारत, मंडळी, नवऱ्याला मारावी तशी!

मृदुलेनं दाराजवळचा मेन स्विच पाडला, सासूच्या कमरेला विळखा घातला.

“सोड! ते आत आहेत!”

“आत कुणी नाही, आई! मला तुम्ही हव्या आहात!”

ओढत बाहेर आणलं, दार लावलं, अग्निशमनवाल्यांना बोलावलं. देवघर गेलं. आवाजही गेला. काकू पायरीवर बसून एवढंच म्हणाल्या, “ऊब मीच दिली गं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मृदुला म्हणाली, “आई, तुम्ही म्हणा भूपाळी. मी रेकॉर्ड करते.”

“ते मग. आधी जवळ बस. माझ्यामागून म्हण.”

मंडळी, नवरात्रात नंदादीप तेवत असला की घरातलं एक माणूस मागे राहायचं. विस्तव एकटा सोडायचा नाही, ही आपली रीत! आणि आज? घरं रिकामी — मोबाईल गादीवर, स्कूटरची बॅटरी जिन्याखाली, दोन्ही चार्जिंगला! का हो पेटीवाले, मान का खाली घातलीत?

उठा. ज्यांचं लावलेलं राहिलंय, त्यांनी जाऊन काढून या. लाजू नका. अभंग अर्ध्यावर थांबला तर देव रागावणार नाही. जा — मी थांबतो.