स्त्रादूनवरची तिसरी फेरी

नाही, नाही, चुकला नाहीत तुम्ही — दुब्रोव्निकमध्ये चुकायला जागाच कुठे आहे? चहूबाजूंनी तट, मधून स्त्रादूनचा एकच सपाट रस्ता, बाकी सगळ्या गल्ल्या म्हणजे पायऱ्या. उतरलात की रस्ता, चढलात की तट. बसा. तो नकाशा मिटून ठेवा. तटावर जायचा जिना खाली पिले वेशीपाशी आहे, पण आत्ता चढू नका, ऊन थेट डोळ्यांवर येतं. सहा वाजू द्या. मीही सहाचीच वाट पाहतोय — म्हणजे वाट पाहत नाही, नुसता बसलोय. माणूस आपल्या दारातल्या पायरीवर बसला, तर त्याला कारण लागत नाही. इस्त्रीचा सदरा? तो मी रोज घालतो. बरं, रोज नाही. ही साखरेत घोळलेली संत्र्याची साल घ्या — एकच घ्या, ती पुडी कोणासाठी तरी आहे. कोणासाठी असंही नाही.

मी चौतीस वर्षं इथल्या लोकाचारांचा अभ्यास केला, तेव्हा हे जरा नीट सांगतो. संध्याकाळी आम्ही स्त्रादूनवर फेऱ्या मारतो. कामासाठी नव्हे, काम असलेला माणूस मागच्या गल्लीनं जातो. एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत जाऊन परत यायचं, ही एक फेरी. आता बाई आणि पुरुष, दोघंच, सोबत चालले — एक फेरी म्हणजे शेजार. दोन म्हणजे स्नेह. आणि तिन्ही पूर्ण केल्या, की आमच्या या उत्तरेकडच्या गल्ल्यांत तरी, गोष्ट ठरली असं समजतात. कोणी काही विचारत नाही, जाहीर करत नाही; दुसऱ्या दिवशी पाववाली दोघांचा पाव एकाच कागदात बांधते. आचाराचं मर्म असं, की शब्दांची जबाबदारी पाय उचलतात. हे वाक्य माझंच आहे, छापून आलेलं आहे. त्याच पानावर पुढे असंही म्हटलंय, की अभ्यासकानं आचाराच्या काठावर उभं राहावं, आत उतरू नये. तिथेच घोटाळा झाला.

समोरची ती हिरव्या झडपांची खिडकी पाहा — नको, एकदम मान वर करू नका. तिथे देशाबाई राहतात. नवरा बोटीवर होता, तो वारला त्याला बरीच वर्षं झाली. त्यांची कपडे वाळवायची दोरी गल्लीवरून इकडे येते आणि तिची कप्पी माझ्या भिंतीत आहे. चार वर्षांपूर्वी, वसंतात, त्या म्हणाल्या, चला गोस्पार ओर्सात — गोस्पार म्हणजे आमच्याकडचं 'राव' — पाय मोकळे करू. गेलो. पहिली फेरी झाली, दुसरी झाली — बोलत काय होतो? सार्डिन मुरवायच्या मिठाबद्दल. तिसरी सुरू झाली. पार पलीकडच्या टोकाला, घंटेच्या मनोऱ्याखाली आलो. आता फक्त परत यायचं होतं. आणि मी थांबलो. बुटाची नाडी बांधायला वाकलो. नाडी सुटलेली नव्हती. का वाकलो? — अहो, कॅफेतल्या सगळ्या खुर्च्या आमच्याकडे वळलेल्या, आणि मला ते छापील वाक्य आठवलं. चौतीस वर्षं मी लोकांना पाहत होतो. लोक मला पाहतायत हे प्रथमच घडत होतं. देशाबाई उभ्या राहिल्या, पुष्कळ वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बांधा सावकाश. मला घाई आहे." आणि उरलेली अर्धी फेरी त्या एकट्या चालून आल्या, मान ताठ, साऱ्या गावादेखत. तिसऱ्या दिवशी दाढी करताना व्लाहो न्हावी विचारतो, "गोस्पार, अडीच फेऱ्यांचा अर्थ तुमच्या पुस्तकात कुठल्या पानावर आहे हो?" वस्तरा गळ्याशी, हसताही येईना.

तेव्हापासून त्या दोरीवर निळ्या पट्ट्यांची एक चादर असते. धुतलेली असो वा नसो. बरोबर माझ्या खिडकीसमोर. रविवारीसुद्धा — आणि रविवारी आमच्याकडे कोणी कपडे वाळत घालत नाही, यावरून हेतू स्पष्ट होतो. मी नोंदी ठेवल्या आहेत. अभ्यास म्हणून. हसा, हसा.

काल चादर बाजूला सरली. चार वर्षांनी. देशाबाई म्हणाल्या, "घर विकायचं ठरतंय. शनिवारी सही आहे. मग लेकीकडे, रियेकाला. उद्या सहाला एकदा शेवटचं फिरून घेते." आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "कप्पीला गंज चढलाय." सहासष्ट वर्षांचा माणूस, दोन जाड ग्रंथ नावावर, आणि गंज. जाऊ नका, एवढं म्हणायचं होतं. रात्रभर त्याचे पाठभेद तयार केले, अकरा झाले. एकही तोंडातून निघेल असं वाटत नाही. काय म्हणता, आत्ता वर जाऊन सांगून टाकू? तुम्हाला सोपं आहे, तुमची बोट आठला सुटते. मला इथेच राहायचंय, व्लाहोच्या वस्तऱ्याखाली.

ऐका — झडप लावली. पायऱ्यांवर टाचांचा आवाज. बाजारात जाताना त्या हे बूट घालत नाहीत. सरका जरा, वाट द्या.

नमस्कार, देशाबाई. हे? हे प्रवासी, तटाची वाट विचारत होते. तासभर? छे, दहा मिनिटं. नाही, मी कुठे निघालो नव्हतो — निघालो होतो. तुमच्याबरोबरच, चालणार असेल तर. नाडी नाही, आज बिननाडीचे घातलेत. हो, पूर्ण तीन. हसू नका, मी मोजून सांगतोय. आणि शनिवारचं — शनिवारचं चौथ्या फेरीत बोलू. चौथीचा अर्थ अजून कोणी लिहिलेला नाही.

तुम्ही अजून इथेच? ऊन उतरलं, जा, चढा त्या तटावर. आणि वरून खाली बघत थांबू नका. समुद्राकडे पाहा, लोक त्यासाठीच येतात.