बोट पदरात होतं

नाई भाऊ, मी इंजिन निवडून देत नाई, हातबी लावत नाई. ठेवा तिकडं बाजेवर दोन्ही इंजिनं—चहा घ्या, थंडा होऊन राहिला. काऊन नाई, असं म्हणता? सांगते न. माझ्या पोराचं, रत्नपालचं, लहानसं विमान होतं, खालून रेडिओवर उडवाचं, दोन मजली पंखांचं. त्यानंही असेच दोन इंजिनं आणले होते. एक टू-स्ट्रोक, मच्छरावाणी किरकिरणारं; दुसरं फोर-स्ट्रोक, डुगडुग बोलणारं. तो किरकिऱ्यावर भाळला. मी म्हटलं, बाबू, तुह्या विमानाले दुप्पट पंख, दुप्पट वारा अडवते—त्याले पळवाचं नाई, ओढाचं हाये. मोठा पंखा लाव, हळू फिरव, डुगडुगं घे. मले कसं समजलं? वीस वर्षं राईस मिलात कोंडा उचलला जी, इंजिनाचा सूर बदलला का मिस्त्रीच्या आधी मी पाटी खाली ठेवो. शाळा नाई पाहिली, पण कान हाये.

डुगडुग्यावरच उडलं मंग. धान कापल्यावर, मोकळ्या बांधीतून. उडवाच्या आधी तो इंजिनाचं तेल कमी कराची सुई पिळे अन् माझ्याकडं पाहे—सूर नेमका लागला का मी बोट वर करो, तो थांबे. एवढंच आमचं दोघांचं.

दोन हजार आठले आपल्या इकडल्या गोरेगावजवळ अशा विमानांचा मेळावा झाला. पहिल्या खेपेले काय उडलं! लोकं येडे झाले. माइकवाल्यानं पुसलं, इंजिन कोणं निवडलं? म्हणे, मीच, पुस्तकं वाचून. अन् ह्या बाई? म्हणे, आई हाये, डबा घेऊन आली. लोकं हासले. हासासारखं काय होतं? काहीच नाई. मीबी हासली.

दुसऱ्या खेपेले सुई पिळताना पाहिलं न त्यानं माझ्याकडं—सवयीनं. सूर चढला, लागला, आता बोट—मी पदरातच ठेवलं. दोन खटके जास्त पिळत गेला तो. तेल कमी पडलं का खाली इंजिन लई गोड बोलते भाऊ, वरते जाऊन तापते अन् मरते. मंग केलं बोट वर. आंब्यावरून वळलं अन् चूप झालं. तसलं विमान तरंगत नाई, सरळ शेताच्या धुऱ्यावरल्या दगडावर आदळलं. त्यानं इंजिनाले शिव्या देल्या, मले नाई. मंग नागपूरले गेला, इकडं येत नाई—

हे मी कोणाले सांगतलं नव्हतं. तुम्हाले कायले सांगून राहिली?

थांबा. ते डावीकडलं दाखवा. झाकण पिचकलं हाये—हे त्याच धुऱ्याच्या दगडाचं. कोणापासून घेतलं? ...विकलं म्हणा रत्नपालनं. अन् माझं घर कोणं दाखवलं? त्यानंच? काय म्हणे तो, जसं म्हटलं तसं सांगा.

'आईच्या कानानं निवडलेलं हाये, तिलेच विचार.'

असं. तुम्हा एकट्याले सांगतलं. माइक नव्हता न तिथं.

हेच लावा तुमच्या विमानाले. ह्या इंजिनाचा काही दोष नव्हता. उठा, आमगावची गाडी सुटन तुमची. अन् रत्नपाल भेटला तं त्याले ते बोटाचं—

कप राहू द्या तिथंच. निघा.