रंगूनचं भाकीत

आमच्या शहाद्याचे एक गुरुजी तेव्हा चालू असलेल्या महायुद्धावर पुस्तक लिहीत होते. जपान रंगून घेणार, असं ते सगळ्यांना सांगायचे. कापडवाल्या शेठना म्हणाले, "तुमच्या भावाला तिथून आत्ताच बोलावून घ्या."

शेठ हसले. "तठे इंग्रजनं राज शे, गुरुजी. कोन हात लावी?"

रंगून पडलं. आम्ही ओट्यावर गुरुजींचं कौतुक करत बसलो होतो, तेवढ्यात शेठ आले. भाऊ जंगलातून पायी निघाल्याचं कळलं होतं, पुढचं काहीच नाही.

"तुमनं खरं ठरनं, गुरुजी. आते सांगा, मन्हा भाऊ कोनती वाटवर शे?"

गुरुजींनी पुस्तकासाठी काढलेला नकाशा ओट्यावर पसरला, रंगूनवरून बोट जंगलापर्यंत नेलं. मग म्हणाले, "मला माहीत नाही, शेठ."

भाऊ आलाच नाही. पुण्याचा छापखाना पुस्तक मागत होता. गुरुजींनी ते दिलं नाही.