कुंपणातला करंट

काकू : ट्रॅक्टर हलणार नाही. आल्या वाटेनं गाडी वळवा.

इंजिनिअर : काकू, तुमच्या शेतापलीकडे आमची तार तुटलीय. खांबापाशी जायला हीच एक वाट. खोल समुद्रातल्या पाणबुड्यांना तिच्यातून निरोप जातो, आणि तो सकाळपासून बंद आहे.

काकू : माहीत आहे. सकाळपासून माझ्या गाई हौदाला तोंड लावताहेत. दोन वर्षांत पहिल्यांदा.

इंजिनिअर : त्याचा आमच्याशी काय संबंध?

काकू : तुमची तार चालू असली की माझ्या लोखंडी कुंपणाचा, हौदाच्या नळाचा झटका बसतो. सून सात महिन्यांची गरोदर. फाटक उघडायला गेली नि कोलमडली. पाच अर्ज दिले. तुमचा निरोप समुद्राच्या तळाशी जातो, आणि माझा अर्ज दोन मैलांवरच्या ऑफिसात पोचत नाही?

इंजिनिअर : साधा रेडिओ खोल पाण्यात शिरत नाही, काकू. म्हणून ही मैलोन्‌मैल तार, म्हणून जमिनीत वीज सोडायची. तरी तीन अक्षरं पाठवायला पाव तास लागतो.

काकू : मग माझ्या पहिल्या अर्जातलं पहिलं अक्षर कुठवर आलं म्हणायचं?

इंजिनिअर : चेष्टा नको. खाली शंभर माणसं कान लावून बसलीत. त्यांना उलट विचारताही येत नाही.

काकू : वरही माणसंच राहतात. मला उलट विचारता येतं, पण ऐकतंय कोण?

इंजिनिअर : पोलिसांना बोलवावं लागेल मला.

काकू : बोलवा. तासभर लागेल त्यांना यायला. कुंपणाला आणि नळाला अर्थिंग करायला तुमच्या वायरमनला किती लागेल?

वायरमन : अर्धा तास, साहेब. तांब्याची तार आहे गाडीत.

इंजिनिअर : तुला विचारलं कुणी? काकू, वरून हुकूम नाही. माझ्या नोकरीवर येईल.

काकू : येऊ दे हुकूम सावकाश. मी डबा घेऊन बसलेय.

इंजिनिअर : सूनबाई बऱ्या आहेत ना आता?

काकू : बरी आहे. पण फाटकाजवळ फिरकत नाही. घरातच असते.

इंजिनिअर : काढ रे ती तार. रजिस्टरात माझं नाव लिही. अर्थिंग झालं की ट्रॅक्टर काढाल ना, काकू?

काकू : काढीन. पण तुमची लाइन चालू झाली की याच वाटेनं परत यायचं. तसेच पळायचं नाही.

(दीड तासानंतर, फाटकापाशी.)

इंजिनिअर : लाइन चालू झालीय. थांबा, आधी मी हात लावतो.

काकू : दोन्ही हात लावा.

इंजिनिअर : हे बघा. काही लागत नाही.

काकू : धरून ठेवा तसंच. सुनेला बोलावते.