आई गेली

मावशी : चपला काढू नकोस, टाचण्या सांडल्यात. बस त्या स्टुलावर. श्रद्धांजल्या मोजून दमली असशील.

लेक : मावशी, थट्टा पुरे. सगळं गाव पालथं घातलं मी. आणि ही इथे, तुझ्या शिलाईच्या दुकानात, काजं करत बसलीय!

आई : काजं नाही, बाई. नुसते टाके घालतेय, हाताच्या अंदाजानं. काजं आता जमत नाहीत.

लेक : एक शब्द सांगून निघायचं होतंस, आई.

आई : सांगितला की. ‘जाते मी’ म्हटलं. तू फोनातून मान वर न काढता म्हणालीस, ‘हं.’

मावशी : निघताना बाई ‘येते’ म्हणते गं. ‘जाते’ म्हणाली, तर हाताला धरून खाली बसवायचं असतं तिला.

लेक : ऐकलंच नाही मी. घरात दिसली नाहीस तशी घाबरले, घरच्या ग्रुपवर टाकलं, ‘आई गेली.’ म्हणजे निघून गेली! कुणाकडे आलीय का, एवढंच कळायला हवं होतं मला.

मावशी : आणि पडायला लागली की फुलं! मीच वाचून दाखवत होते हिला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ खाली तेच. त्याच्या खाली तेच. तुझ्या मोठ्या काकानं तर कुठलातरी जुना मजकूर चिकटवलाय. ‘त्यांच्या कुशल नेतृत्वाला आपण मुकलो.’

आई : माझं नेतृत्व! घरात पंखा कितीवर ठेवायचा, तेसुद्धा कुणी विचारत नाही मला.

लेक : अगं, चूक झाली म्हणून एकेकाला फोन करतेय मी. कुणी उचलत नाही.

आई : उचलतील कशाला? फूल वाहून मोकळे झाले ना. एवढा गोतावळा, पण कशी गेली, कुठे गेली, परवा तर धडधाकट होती, असं एकालाही वाटलं नाही? मघाशी हात चालता चालता ओठांवर आलं बघ...
दारी फुलांचा गं ढीग, त्यात वाटच बुजली,
कुणी पुसेना गं बाई, माझी माय कुठे गेली.

लेक : नको ना असं. सकाळी नक्की काय म्हणत होतीस तू?

आई : काही नाही. सुईत दोरा ओवून दे म्हणत होते.

लेक : एवढंच?

मावशी : एवढंच? वीज गेली तरी नुसतं चाचपून दोरा ओवणारी बाई ही. ती दुसऱ्याकडे सुई देते, आणि तू ‘एवढंच’ म्हणतेस?

लेक : ...आई, इकडे बघ. माझ्याकडे. कुठला डोळा?

आई : डावा. कडेकडेनं झाकोळत येतंय. कुणी हळूच दार लोटून घ्यावं तसं.

लेक : कधीपासून?

आई : तुला फोनवर लिहून कळवलं होतं ना, तेव्हापासून. तू अंगठा पाठवला होतास.

लेक : आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल.

आई : चलते. आधी तो ग्रुप उघड.

लेक : लिहिते, ‘आई सुखरूप आहे...’

आई : नको. पुन्हा फुलंच पडतील. तुझ्या आत्याला विचार, पोपट आला का परत.

लेक : पोपट? आत्ता?

आई : पोपट उडाला म्हणून तिनं लिहिलं होतं. सगळ्यांनी हात जोडून दिले पाठवून. मीही. तेव्हापासून ती तिथं अवाक्षर बोललेली नाही. आजही नाही.

(लेक लिहिते. मावशी मशीनवर एक शिवण संपवते.)

मावशी : वाजला बघ.

लेक : आत्याच आहे. ‘नाही गं, आला नाही. पिंजऱ्याचं दार अजून उघडंच ठेवते. पण ते राहू दे. सकाळपासून माझ्या मनाला पटत नाहीये. वहिनी गेली म्हणजे कुठे गेली?’

मावशी : सापडली गं एक.

लेक : काय लिहू, आई?

आई : लिही... येते म्हणावं.