चार भोपळ्यांचा पाळणा

वेणू : सहलीला एवढ्या टोपल्या कशाला? आणि त्या लुगड्याखाली काय झाकलंय?

व्यंकटराव : फराळाचं असेल. दशम्या बांधल्याशिवाय माय कधी घराबाहेर पडलीय का? तू पलीकडं बघ. तो काठ तुमचं वऱ्हाड. हिंगोलीत बसून माहेर दिसत नाही म्हणत होतीस ना? घे, पैनगंगेतून दाखवलं.

वेणू : बाळाला कालपासून खोकला आहे. ऊन चढायच्या आत परतायचं ठरलं होतं आपलं.

व्यंकटराव : परतू गं. संतराम, जरा सावकाश घे. आमच्या बाईसाहेब अमरावतीला कॉलेजात शिकल्या, पण पाण्याला भितात.

संतराम : भ्यावंच वकीलसायब. आमी भोई, पाण्यातच वाढलो, तरी आमीबी भितो.

वेणू : इथं किती खोल आहे, संतरामदादा?

संतराम : हितं दोन पुरुष असंल. म्होरं डोहात बांबू टेकत न्हाई.

नर्मदाबाई : सूनबाई, लेकराच्या आंगातलं आंगडं काढा आता. डोह आला.

वेणू : आंगडं काढू? वारा किती गार सुटलाय, सासूबाई!

नर्मदाबाई : काढा म्हणलं ना. येळ टळू नये.

वेणू : कसली वेळ? अहो, कसली वेळ म्हणतात या?

व्यंकटराव : काही नाही गं. मायच्या मनाचं समाधान. दोन मिनिटांचं काम.

वेणू : बघू ते लुगडं. बाजूला करा म्हणते ना... हा पाळणा आहे. खाली भोपळे बांधलेत. सुकलेले. एक, दोन, तीन, चार. अहो, फराळ कुठाय?

व्यंकटराव : आवाज चढवू नकोस. बाळ दचकतं.

वेणू : संतरामदादा, तुम्ही सांगा. खरं सांगा.

संतराम : आता काय सांगावं, बाई... नवसाचं लेकरू असलं की मायनं आपल्या हातानं पाळण्यात घालून गंगेत सोडायचं. त्या वळणामागं माहा भाऊ उकंडराव गळ्याएवढ्या पाण्यात उभा हाय. त्यो धरतो. सालाला दोन-तीन पाळणे असतात.

वेणू : म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तुमच्या भावाला माहीत होतं.

नर्मदाबाई : काठावर चाळीस माणसं बसली हायती. पुसेगावचे तातेराव आले, हलगी आली, पुरण शिजून राहिलं. साऱ्या भावकीला ठाऊक हाय.

वेणू : मला सोडून.

व्यंकटराव : घरी सांगितलं असतं तर आली असतीस?

वेणू : नसते आले.

व्यंकटराव : मग?

वेणू : मग काय? तिकडं मोगलाईच्या कोर्टात उर्दूतून कायदा सांगता, आणि इथं बायकोला सहल म्हणून फसवून आणता!

व्यंकटराव : मलाही याच डोहात सोडलं होतं. मेलो का मी?

वेणू : केला कुणी हा नवस?

नर्मदाबाई : मी केला. दोन दिस अडली व्हतीस तू. सुईणीनं हात टेकले. तवा मी अंगणात उभी राहून बोल्ले, गंगामाय, लेकरू हाती दे, तुह्या मांडीवर आणून घालीन.

वेणू : आणि माझ्यासाठी काय बोललात?

नर्मदाबाई : तुह्यासाठी?

वेणू : अडले मी होते, सासूबाई.

नर्मदाबाई : बाईसाठी कोण बोलतं? माह्यासाठीबी कोणी बोल्लं न्हाई.

वेणू : मायनं आपल्या हातानं सोडायचं, असंच ना? माझे हात मोकळे नाहीत. सांगा तुमच्या गंगामायला.

व्यंकटराव : हट्ट करू नकोस. संतराम, सांग तिला, कशाची भीती नाही म्हणून.

संतराम : न्हाई बाई, बिलकुल भ्यायचं न्हाई. ह्ये भोपळे सालभर चुलीच्या धुरावर टांगलेले हायती. मी सोता एकेक वाजवून घेतला. थोरल्याच्या वक्ताला माह्या बापानं घाई केली, एक कच्चा निंगाला, त्यात पाणी भरलं. तवापासून आमी...

व्यंकटराव : कोणाच्या थोरल्याच्या?

संतराम : आं? कोणाच्या न्हाई. असंच एक जुनं.

व्यंकटराव : कोणाच्या, संतराम?

संतराम : तुमच्या थोरल्या भावाच्या. मला वाटलं, तुमाला ठाऊक असंल.

व्यंकटराव : मला थोरला भाऊ नाही. मीच थोरला.

संतराम : चुकलं वकीलसायब. बाप मरताना बोल्ला व्हता, त्ये त्वांडातून गेलं.

व्यंकटराव : माय? माय, हा काय बोलून राहिला?

(संतरामने वल्हं वर उचलून धरलं आहे. नाव आपसूक वाहते आहे.)

नर्मदाबाई : नऊ म्हैन्याचं व्हतं. ह्याच्याएवढंच. पाळणा वळणापोतर नीट गेला, मंग एका अंगाला बसला. तुह्या बापानं लई बुड्या मारल्या. गावला न्हाई.

व्यंकटराव : नाव काय होतं त्याचं?

नर्मदाबाई : ठिवलंच नव्हतं. नवस फिटल्यावर ठिवायचं असतं. म्हणून तर ह्याचंबी ठिवू देलं न्हाई.

व्यंकटराव : आणि त्यानंतर मलाही सोडलंस? याच पाण्यात?

नर्मदाबाई : सोडत नव्हते. तुह्या आज्यानं मनगट पिळून बोटं सोडवली माही. तू गेलास हसत, अन् निंगालास हसत. तवा मला वाटलं, एक ठिवून घेतलं म्हणूनच दुसरं देलं तिनं.

वेणू : असं कुठं असतं, सासूबाई?

नर्मदाबाई : नसतं? तू शिकल्याली हायस, तूच सांग. ह्ये समदं खोटं असंल, तर माहं पैलं लेकरू कशापायी गेलं?

वेणू : मला नाही सांगता येत.

नर्मदाबाई : मंग?

व्यंकटराव : संतराम, नाव वळव.

संतराम : कुकडं वळवू, वकीलसायब? हलगी ऐकू येऊन राहिली. तिकडं उकंडराव पाण्यात कुडकुडत असंल.

व्यंकटराव : मग तो पाळणा दे लोटून. रिकामाच.

नर्मदाबाई : रिकामा पाळणा हालवू न्हाई, पोरा.

व्यंकटराव : मग काय करू, माय? काय घालू त्यात?

नर्मदाबाई : ती माही पिशवी देय. त्या दिशी थोरल्याच्या आंगातलं काढून ठिवलं व्हतं, त्ये आंगडं हाय. बटन तुटलंय एक. घाल. वर नारळ ठिव, म्हंजी उडायचं न्हाई. संतराम, हळू सोड. कलू देऊ नको.

संतराम : सोडला, माय. नीट चाललाय.

नर्मदाबाई : दिसतोय का अजून?

संतराम : वळणामागं गेला.

नर्मदाबाई : सूनबाई, लेकराला देय जरा माह्या मांडीवर.

वेणू : नाही, सासूबाई.

नर्मदाबाई : आता न्हाई सोडत मी. पाळणा गेला.

वेणू : तरी नाही.

नर्मदाबाई : बराबर हाय.

व्यंकटराव : काठ आला. तातेरावकाका हार घेऊन उभे आहेत. लोकांना काय सांगायचं आता?

नर्मदाबाई : काही सांगू नको. पाळणा सोडला, लेकरू मायच्या कडेवर हाय. कोण इचारतं? त्या दिशी मी रिकाम्या हातानं उतरले, तवाबी कोणी काही इचारलं न्हाई. पानं वाढली व्हती, जेवून गेले.