बारा बंद थैल्या

हसलात तरी चालेल, कारण मलाच अजून कळलं नाही की हसायचं की काय करायचं.

मागच्या महिन्यात माझी ताई गेली. ती जुन्या कपड्यांच्या थैल्या शिवायची. तिच्या शब्दावर सक्करदऱ्याच्या बाजारातल्या भाजीवाल्या कमलामावशीनं प्लास्टिकची पन्नी बंद केली होती. ताईकडून तिला बारा थैल्या द्यायच्या राहिल्या होत्या. म्हटलं, शब्द आपण पाळू. मशीनवर कधी बसलो नव्हतो, तरी हाताला लागेल तो कपडा कापला आणि एका दुपारी बाराही शिवून नेल्या.

मावशीनं एक थैली उलटसुलट करून पाहिली. "काहून गा, यात भाजी टाकू कुठून?"

पाहतो तर चारही बाजू शिवलेल्या.

"बाराच्या बारा अशाच?"

"असतील."

"तुले कोणी टोकलं नाही?"

"टोकणारी तीच होती, मावशी."

मावशीनं ब्लेड दिलं, आणि मी तिथंच बसून एकेक थैली उसवायला लागलो. अकरा झाल्या. बारावी घेतली, तर तो ताईचा पिवळा ड्रेस होता. कापताना माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"उसव ना गा, गिऱ्हाईक उभं आहे. मेथी टाकायची आहे."

"हिच्यात मेथी नका टाकू. ताईले मेथी चालत नव्हती."

"मग काय टाकू?"

मी समोरची सगळी भाजी पाहिली. वांगी, भेंडी, दोडके. ताईला काय आवडायचं, तेच आठवेना.